हातमोजे देऊनही कचरा निवडणाऱ्या महिला ते घालत नाहीत. दंड लावावा की काम बदलावे?

गोणपाट :

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातील एका मध्यम शहरात सुका कचरा वेगळा करण्याच्या शेडवर मी सात महिन्यांपासून पर्यवेक्षक म्हणून काम करतो. जागा नगरपरिषदेची आहे आणि शेड चालवण्याचे कंत्राट एका खासगी ठेकेदाराकडे आहे. बावीस महिला निवडीचे काम करतात. चार पुरुष गोण्या उचलतात आणि पुठ्ठ्याचे व बाटल्यांचे गठ्ठे बांधतात. घंटागाड्यांमधून रोज साधारण तीन टन माल येतो. त्याला सुका कचरा म्हणतात खरे, पण त्यात भाताची पिशवी, डायपर, फुटलेली काच आणि दाढीची पाती हे सगळे असते.

गेल्या महिन्यात एका मावशींच्या तळहातात इन्सुलिनची सुई घुसली. ती फरसाणाच्या रिकाम्या पिशवीत टोपणाशिवाय टाकलेली होती. मावशींनी नळाखाली हात धुतला, पदराची चिंधी बांधली आणि पुन्हा कामाला बसल्या. दुसऱ्या दिवशी हात सुजलेला दिसला तेव्हा मला हे कळले, आणि त्या आधी मी विचारले नाही याची मला आजही खंत वाटते.

या प्रकारानंतर ठेकेदाराने प्रत्येकीला कोपरापर्यंत येणारे नारिंगी रबरी हातमोजे दिले. आज त्यातले बहुतेक जोड शेडच्या खिळ्यांना टांगलेले आहेत. हातमोजे न घालणाऱ्या महिलेच्या हजेरीतून रोज पन्नास रुपये कापावेत, असे ठेकेदाराने ठरवले असून त्याची अंमलबजावणी माझ्याकडे दिली आहे. माझे मन त्याला तयार नाही, पण दुसरी सुई टोचली तर त्याची जबाबदारीही माझ्यावरच येणार आहे.

दंडाने हे काम होईल का? या कामाला योग्य असा हातमोजा कोणता? आणि ज्या शेडमुळे डंपिंग ग्राउंडवर जाणारा कचरा कमी झाला म्हणून शाळांच्या सहली आमच्याकडे येतात, ती शेड हाताने काम करणाऱ्यांसाठीही टिकाऊ कशी करता येईल, हे अनुभवी लोकांनी सांगावे, अशी विनंती आहे.

माणदेशी :

आपण प्रश्न मनापासून विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहिते. कचरावेचक महिलांच्या संघटनेसोबत मी पुणे परिसरात सोळा वर्षे काम केले आहे आणि त्यातली पहिली दोन वर्षे स्वतः टेबलाशी उभी राहिले आहे.

सर्वप्रथम आपण एक तास ते नारिंगी हातमोजे घालून निवड करून पाहावी. आपल्या मावशी माल डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त ओळखतात. दुधाची पिशवी ओढली की ताणते, बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टन चुरगळले की कर्र वाजते, झाकणाचे प्लास्टिक नखाने दाबले की त्याचा कडकपणा कळतो. जसे तांदूळ निवडताना खडा बोटालाच लागतो, तसेच हे आहे, आणि जाड रबराच्या आत बोट आंधळे होते. शिवाय पत्र्याच्या छताखाली एप्रिलमध्ये त्या रबरात अर्ध्या तासात घामाचे पाणी साचते, कातडी पांढरी पडते आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. माप पुरुषांच्या हाताचे असते, त्यामुळे बोटांची टोके पुढे लोंबतात आणि गोणीच्या सुतळीत अडकतात. महिला हातमोजे घालत नाहीत यामागे हट्ट किंवा अज्ञान नसते. त्या मोज्याने त्यांचे काम होत नाही, एवढेच कारण असते.

कोणता मोजा घ्यावा, याचे उत्तर असे: सुती विणीचा, मनगटाला घट्ट बसणारा आणि फक्त तळव्याकडून व बोटांना नायट्राइल या कृत्रिम रबराचा पातळ थर दिलेला. लहान माप आवर्जून मागवावे. प्रत्येकीला निदान दोन जोड द्यावेत, म्हणजे एक धुऊन वाळत असताना दुसरा वापरता येतो. ते घरी धुवायला देऊ नयेत. शेडवरच साबणाची आणि दोरीची सोय करावी, कारण घरच्या कपड्यांत तो घाण मोजा भिजवायला कोणतीही बाई तयार होत नाही आणि तिने व्हावेही का?

मात्र हा मोजा काचेपासून आणि पत्र्याच्या धारेपासून काही प्रमाणात वाचवतो, सुईपासून वाचवत नाही. सुई कोणत्याही पातळ मोज्यातून आरपार जाते. सुईवर उपाय आहे तो हात घालण्याची पद्धत बदलण्यात. आपल्याकडे आज गोणी जमिनीवर ओतून बायका तिच्याभोवती बसून हात घालत असाव्यात, असा माझा अंदाज आहे. त्याऐवजी गोणी टेबलावर ओतावी आणि शेतातल्यासारख्या छोट्या दाताळ्याने आधी थर पातळ पसरावा, म्हणजे जे उचलायचे ते दिसल्यावरच उचलले जाते. टेबलाची उंची उभ्या बाईच्या कोपराच्या किंचित खाली हवी आणि मागे टेकायला स्टूल हवे. दोन-दोन टेबलांच्या मध्ये जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा ठेवावा, ज्यात सुया आणि पाती चिमट्याने टाकता येतील. हे सगळे गावातला वेल्डर आठवड्यात करून देतो आणि त्याचा खर्च शेडच्या रंगरंगोटीहून अधिक येत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. त्या मावशींचा खरा हातमोजा शहरातल्या घराघरांत आहे. पुण्यात एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या १९९० च्या सुमारास कचरावेचक महिलांसोबत सोसायट्यांमध्ये फिरल्या आणि कचरा वेगळा करून द्या, अशी विनंती त्यांनी घरोघर केली, तेव्हा एक साधी गोष्ट दिसून आली. वेगळा केलेला कचरा मिळाला की त्याच बाईचे उन्हातले तास कमी होतात, हाताला जखमा कमी होतात आणि माल स्वच्छ असल्याने मिळकत वाढते. पुढे १९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. त्या काळात महिलांची पहिली तळमळीची मागणी ओळखपत्राची होती, कारण पोत्यासह दिसलेल्या बाईला चोर समजून हटकले जाई. त्याच प्रक्रियेतून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार झाला. त्यात घराकडून मिळणारे शुल्क आणि सुका माल विकण्याचा हक्क, हे दोन्ही कचरा उचलणाऱ्या बाईकडे राहिले. माल तिचा असल्यामुळे तो घाण आला की ती दारातच बोलते, आणि रोज भेटणारे घर तिचे ऐकते. आपल्या शेडवरच्या मावशींना मात्र कचरा कोणी टाकला हे कधीच दिसत नाही.

सॅनिटरी पॅड आणि डायपर यांच्याबाबतही पुण्यातलाच अनुभव सांगते. २०१३ मध्ये तिथल्या महिलांनी वापरलेल्या पॅड आणि डायपरची पोती उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवली होती. नंतर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, अशी मोहीम घराघरांत राबवली गेली, जेणेकरून पुडके न उघडताच आत काय आहे ते कळावे. आपल्या शहरात आपण हे उद्यापासून सुरू करू शकता. लाल ठिपक्यासोबत सुयांचे काय करायचे तेही सांगा: जाड प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीत साठवून, झाकण घट्ट लावून, वेगळी द्यायची.

शेवटी एक प्रश्न विचारते, कारण तो पर्यवेक्षकांना सहसा सुचत नाही. शेडवर महिलांसाठी कडी लागणारे, पाणी असलेले शौचालय आहे का? नसेल तर त्या सकाळपासून पाणी पीत नसतील. मूत्रमार्गाचे विकार आणि उन्हाची भोवळ यांची सुरुवात तिथूनच होते.

वजनकाटा :

मी वीस वर्षांपासून घाऊक भंगाराचा व्यवसाय करतो आणि अशा शेडचा माल विकत घेतो. माणदेशी यांनी हातांविषयी लिहिलेले सर्व मला मान्य आहे; मालाच्या बाजूने जे दिसते ते मी लिहितो, कारण पैसा तिथून येतो आणि पैसा नसेल तर टेबल, मोजे, काहीच होणार नाही.

निवडीच्या कौशल्याची किंमत ठेकेदाराला बहुधा ठाऊक नसते. पाण्याच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या असतात त्यात पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकचे थोडे तुकडे मिसळले, तरी वितळवताना पीव्हीसी आधी जळते, आम्ल वायू सोडते आणि सगळा माल पिवळा पाडते. काही बाटल्यांवर ताणून बसवलेली रंगीत वेष्टने पीव्हीसीची असतात आणि ती काढायची राहून गेली, एवढ्याच कारणावरून एका कारखान्याने माझा पूर्ण ट्रक परत पाठवला होता. जाण्या-येण्याचे भाडे माझ्या अंगावर आले. त्यानंतर जी मावशी ते वेष्टन ब्लेडच्या एका चिऱ्यात काढते, तिच्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. ती भरभर हात चालवणारी मजूर नाही, ती पारखी आहे.

आपल्या शेडवर ओळख पटवण्यासाठी काडेपेटीने प्लास्टिकचा तुकडा जाळून धुराचा वास घेण्याची पद्धत असेल, तर ती तत्काळ बंद करावी. बहुतेक ठिकाणी ती आहे आणि जुन्या कामगारांना तिचा अभिमानही असतो, पण तो धूर रोज छातीत जातो. त्याऐवजी दोन बादल्या ठेवाव्यात, एक साध्या पाण्याची आणि एक मिठाच्या दाट पाण्याची. झाकणे, तेलाचे डबे आणि दुधाच्या पिशव्या यांचे प्लास्टिक साध्या पाण्यावर तरंगते. चहाच्या टाकाऊ कपांचे कडक पॉलिस्टायरिन साध्या पाण्यात बुडते, पण खाऱ्या पाण्यावर येते. पाण्याच्या बाटलीचा तुकडा आणि पीव्हीसी दोन्हींत बुडतात. तेवढ्या दोघांना वेगळे करण्यासाठी मात्र डोळा आणि बोट हवेच.

माझा मतभेद एका मुद्द्यावर आहे. माल विकण्याचा हक्क महिलांकडे असावा हे तत्त्व म्हणून चांगले आहे, परंतु भावाचा सगळा धोकाही मग त्यांच्याच डोक्यावर येतो. २०१४ च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेले कच्चे तेल २०१६ च्या जानेवारीत तीस डॉलरच्या खाली गेले. तेल स्वस्त झाले की नवे प्लास्टिक स्वस्त होते आणि जुन्याला गिऱ्हाईक राहत नाही. त्या काळात मी स्वतः भाव पाडून माल घेतला, कारण माझाही माल गोदामात पडून होता, आणि जिने तो उन्हातान्हात गोळा केला तिच्याकडे तो साठवायला जागासुद्धा नव्हती. पावसाळ्यात पुठ्ठा भिजला की आम्ही वजनात घट धरतो. त्या घटीचा फटकाही शेवटी तिलाच बसतो. म्हणून आपल्यासारख्या शेडवर ठरलेली रोजंदारी आणि त्यावर विक्रीतील ठराविक वाटा अशी पद्धत मला अधिक योग्य वाटते. निवड चांगली झाली तर भाव चढतो, आणि चढलेल्या भावातले काही निवडणाऱ्या हातांकडे गेले पाहिजे.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवावी. वेफर्सच्या पुड्यांसारखी अनेक थरांची वेष्टने कोणीही विकत घेत नाही. ती शेवटी सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातात. ती वेगळी करण्यातही मावशींचा दिवस जातो. मजुरी किलोवर किंवा विकल्या गेलेल्या मालावर असेल, तर ही मेहनत पूर्णपणे फुकट जाते. २०२२ पासून उत्पादकांवर वेष्टनांची जबाबदारी टाकणारे नियम लागू आहेत आणि कडक प्लास्टिकच्या वेष्टनांत २०२५-२६ पासून ठराविक प्रमाणात (त्या वर्षासाठी ३० टक्के) पुनर्वापरित प्लास्टिक वापरणेही ठरवून दिले आहे. पण ही जबाबदारी पूर्ण केल्याचे दाखवण्यासाठी उत्पादक जी प्रमाणपत्रे विकत घेतात, ती नोंदणीकृत प्रक्रियादाराच्या, म्हणजे जुन्या प्लास्टिकवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याच्या नावावर, वजनावर निघतात. ज्या टेबलावर ते वजन तयार झाले त्या टेबलापर्यंत त्यातला पैसा यायचा असेल, तर नगरपरिषदेने कंत्राटातच तसे कलम घातले पाहिजे.

कृष्णाकाठ :

मी सरकारी रुग्णालयात डॉक्टर आहे, म्हणून फक्त सुईबद्दल लिहितो.

सुई टोचली की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी, दाबून रक्त काढू नये, आणि त्याच दिवशी, शक्य तर दोन तासांत, सरकारी रुग्णालयात यावे. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू झाली तरच उपयोगी पडतात आणि ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. आपल्या मावशींच्या बाबतीत ती वेळ निघून गेली आहे, तरीही त्यांनी आता येऊन रक्ततपासणी करून घ्यावी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा, टोचल्यापासून सहा महिन्यांपर्यंत, ती पुन्हा करून घ्यावी. धोका फार मोठा नसतो, हे त्यांना शांतपणे सांगावे. या काळात भीती माणसाला आतून खाते.

बावीसही महिलांना आणि चारही पुरुषांना हिपॅटायटिस बी ची लस द्यावी. तिचे तीन डोस असतात: पहिला, एक महिन्यानंतर दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. धनुर्वाताचे इंजेक्शनही राहिले असेल तर घ्यावे. लस दंडापेक्षा स्वस्त पडते.

अर्धविराम :

कामगार कायद्यांच्या क्षेत्रात मी काम करतो. दंडाचा प्रश्न स्पष्ट असल्यामुळे थोडक्यात लिहितो.

ठेकेदार मनाला येईल तसा दंड कापू शकत नाही. कोणत्या कृतींसाठी दंड होईल याची यादी शासनाने ठरवलेल्या अधिकाऱ्याकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते, ती कामाच्या ठिकाणी लावावी लागते आणि दंडापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. एवढे सगळे केले तरी एका वेतन कालावधीतील एकूण दंड त्या कालावधीच्या वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा अधिक होऊ शकत नाही. रोज पन्नास रुपये म्हणजे महिन्याला तेराशेच्या आसपास रक्कम होते आणि आपल्याकडच्या मजुरीवर ती तीन टक्क्यांत बसणे शक्य नाही. ही अंमलबजावणी आपण आपल्या सहीने करू नये.

दुसरे असे की, घनकचरा हाताळणाऱ्या कामगारांना गणवेश, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मास्क ठेकेदाराने दिले आहेत आणि ते वापरले जात आहेत, याची खात्री करण्याची जबाबदारी घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थेवर टाकली आहे. न वापरता येणारा मोजा देऊन ती जबाबदारी पूर्ण होत नाही, असे माझे मत आहे. घरातून निघणाऱ्या सुया आणि सिरिंज सुक्या कचऱ्यापासून वेगळ्या द्यायच्या असतात, म्हणजे त्या सुक्या कचऱ्यात येणे हीच मुळात वर्गीकरणाच्या व्यवस्थेतली त्रुटी आहे आणि ती नगरपरिषदेला लेखी कळवता येते.

तिसरे, आपल्याकडे सव्वीस माणसे आहेत. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना राज्य कामगार विमा योजना लागू होते आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार तिच्यात येतो. ठेकेदाराचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के असतो. कामावर झालेल्या इजेमुळे काम करता आले नाही, तर वेतनाच्या ९० टक्के रक्कम या योजनेतून मिळते. मावशी दुसऱ्या दिवशी सुजलेला हात घेऊन कामावर आल्या, त्याचे कारण खाडा झाला असता हे असेल, तर विमा काढलेला आहे का हे आधी पाहा.

गोणपाट :

सर्वांचे मनापासून आभार. माणदेशी यांनी सांगितल्याप्रमाणे काल मी नारिंगी मोजे घालून एक तास बसलो. त्या तासात माझी एक गोणीसुद्धा पूर्ण झाली नाही, आणि दुधाच्या पिशव्यांच्या ढिगात मी वेफर्सची किती वेष्टने टाकली होती ते शेजारच्या मावशींनी मला काढून दाखवले. मोजे काढले तेव्हा बोटे पाण्यात तासभर भिजवल्यासारखी सुरकुतली होती. नंतर मी मावशींना तेच मोजे घालून पाच मिनिटे काम करायला सांगितले. त्या हसल्या नाहीत किंवा रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त गोणीची गाठ सोडून दाखवायचा प्रयत्न केला आणि ती गाठ त्यांना सुटली नाही.

काडेपेटीची पद्धत आमच्याकडे आहे. मी आजपासून ती बंद केली आणि दोन बादल्या ठेवल्या. शौचालय शेडच्या मागे आहे, पण त्याला कडी नाही आणि पाण्याची टाकी गळते. हे मला सात महिन्यांत कोणी सांगितले नव्हते आणि मीही कधी विचारले नव्हते. कडी आज लागली, टाकीचे काम सोमवारी होईल. दंडाच्या यादीवर मी सही करणार नाही, असे ठेकेदाराला कळवले आहे. विम्याबाबत मात्र त्यांनी अजून उत्तर दिलेले नाही. चौदा महिलांच्या नावांची नोंदणीच झालेली नाही, असे हजेरीपुस्तकावरून मला वाटते.

मावशींना आज सकाळी रुग्णालयात नेले. तपासणी झाली, लसीचा पहिला डोस दिला. परत येताना रिक्षात त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, आजची हजेरी लागेल ना? मी होय म्हणालो, पण हजेरी लावण्याचा अधिकार माझ्याकडे नाही.

माणदेशी :

चौदा नावांची यादी, प्रत्येकीच्या कामावर लागल्याच्या तारखेसह, आजच तयार करा आणि ठेकेदारासोबत नगरपरिषदेच्या आरोग्य विभागालाही पोहोच घेऊन द्या. यादीवर महिलांच्या सह्या किंवा अंगठे घेण्यापूर्वी ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, कारण नोंदणी झालेली नाही हे त्यांच्यापैकी अनेकींना ठाऊकही नसेल. मावशींच्या दुसऱ्या डोसची आणि पुढच्या तपासण्यांच्या तारखा त्याच अर्जात लिहा आणि त्या दिवसांची हजेरी भरपगारी धरली जाईल, एवढे एक वाक्य ठेकेदाराकडून लेखी मागा. ते मिळाले नाही तर इथे कळवा. पुढचा अर्ज आपण मिळून लिहू.